जळगावच्या नव्या कॉलनीत राहायला येतोय. घरफोड्या होतात म्हणून रस्त्याला फाटक लावावं का?

तुम्ही लिहिलंय की बदलीमुळे सहकुटुंब जळगावला येताय आणि शहराच्या कडेला नव्या ले-आऊटमध्ये रो-हाऊस घेतलंय. पलीकडच्या गल्लीत नुकतीच घरफोडी झाली. आता कॉलनीच्या ग्रुपवर दोन सूचना जोर धरतायत. एक म्हणजे रस्त्याला फाटक बसवायचं, दुसरी म्हणजे फेरीवाले, भंगारवाले आणि अनोळखी माणसं यांना आतच येऊ द्यायचं नाही. घरी आई आहेत, नववीतली मुलगी आहे. तुम्ही कोणत्या बाजूने बोलावं, हा तुमचा प्रश्न.

माझं मत आधीच सांगते. दोन्ही सूचनांच्या विरोधात बोला. तेवढाच जोर कॉलनीतली माणसं एकमेकांना नावानिशी ओळखतील यावर लावा. माझं माहेर धुळ्याच्या जुन्या गल्लीतलं, सासर जळगावचं आणि आता राहते ती जागा तुमच्यासारखीच कडेची कॉलनी. तिन्ही ठिकाणचं राहणं जवळून बघितलंय, म्हणून हे ठामपणे लिहिते.

धुळ्यात गल्ल्यांना नावं कमी आणि नंबर जास्त. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असाच पत्ता सांगतात. घराला ओटा, ओट्यावर कुणीतरी बसलेलं. नवीन माणूस गल्लीत शिरला की पहिल्या दोन-तीन घरांतच त्याला कुणीतरी विचारणार, "कोनाकडे जाई राहिनात, भाऊ?" त्या विचारण्यात संशय नसायचा. पाहुणा असेल तर त्याला थेट दारापर्यंत पोचवायचे, वर पाणीही विचारायचे. पण ज्याला गुपचूप काही करायचं असेल, त्याला तेवढा प्रश्नच पुरे होता, कारण आपला चेहरा कुणीतरी नीट बघून ठेवलाय हे त्याला कळायचं.

नव्या कॉलनीत ओटा गेला आणि पुरुषभर उंचीची कंपाउंडची भिंत आली. नवरा-बायको दोघं नोकरीला, मुलं शाळा-क्लासला. दुपारी अकरा ते चार अख्खी गल्ली सामसूम. मधले प्लॉट रिकामे, त्यावर वेडी बाभूळ माजलेली. चोराला आडोसा लागतो आणि वेळ लागतो. दोन्ही आपणच त्याला देतो. म्हणून ग्रुपवर पहिली मागणी करायची तर ती रिकामे प्लॉट साफ करून घेण्याची करा. प्लॉटमालक बाहेरगावी असतात, त्यांना महापालिकेकडून नोटीस जाऊ शकते. साप-विंचवाचा त्रासही त्याने कमी होतो.

आता ओळख वाढवायची कशी? सभा बोलावून ती होत नाही. सभेला दरवेळी तेच आठ-दहा पुरुष येतात, पार्किंगवरून वाद होतो आणि चहा पिऊन सगळे घरी जातात. आपल्याकडे ओळख खाण्याच्या आणि सणाच्या वाटेने होते. फाल्गुन-चैत्रात उडदाचे पापड लाटायचं काम बायका आजही पाळीपाळीने करतात. आज एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या. येताना आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायचं. त्या दोन-तीन तासांत कुणाचा मुलगा पुण्याला गेला, कुणाच्या सासऱ्यांना दम लागतो, कोण पुढच्या आठवड्यात लग्नाला सुरतेला चाललंय, सगळं कळतं. गल्लीची राखण करायला लागते ती माहिती हीच. तुमच्या घरच्यांना पापड लाटता येत नसतील तरी त्यांना तिथे पाठवा. वाळत घालायला, राखायला माणसं लागतातच.

थंडीत भरीत पार्टी करा. ओपन स्पेसवर कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजायची, बडगीत म्हणजे लाकडी भांड्यात ठेचायची, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी नाहीतर पुऱ्या. बामणोद-आसोद्याकडची हिरवी मोठी वांगी मिळाली तर उत्तमच. या कार्यक्रमाला भाडेकरू, हॉस्टेलची मुलं आणि बांधकामावर राहणारं वॉचमनचं कुटुंब यांना मुद्दाम बोलवा. हे मी आग्रहाने सांगते. आमच्याकडे बांधकामांवर राखणीला सातपुड्यातली पावरा, बारेला, भिल्ल अशी आदिवासी कुटुंबं असतात. चोरी झाली की पहिलं बोट त्यांच्याकडे जातं. प्रत्यक्षात रात्रभर जागी असलेली, उघड्यावर राहणारी, गल्लीतला प्रत्येक आवाज ऐकणारी माणसं तीच. त्यांचं नाव तुम्हाला माहीत असेल आणि तुमचा नंबर त्यांच्याकडे असेल, तर पहाटे तीनला तुम्हाला फोन येऊ शकतो. त्यांना परकं ठेवलंत तर ती बघूनही गप्प बसतील, आणि त्यात त्यांची चूक म्हणता येणार नाही.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खानदेशची देवी कानबाई घरोघरी बसते. ज्या घरी बसते तिथे सगळे भाऊबंद गोळा होतात आणि त्यांची बाकीची घरं बंद राहतात. आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात, दिवाळीत लोक मूळ गावी जातात. बंद घरांचे हे दिवस चोरांनाही पाठ असतात. 'बंद घराचा कडी-कोयंडा तोडून' ही बातमी आपल्या पेपरात याच सुमारास जास्त दिसते. जाताना बाहेरून मोठं कुलूप लटकवू नका, आतल्या आत बसणारं इंटरलॉक बसवा. दूध-पेपर बंद करा, शेजाऱ्याला संध्याकाळी एक दिवा लावायला सांगा, सोनं बँकेत ठेवा. गावी पोचल्यावरचे फोटो परत आल्यावर टाका.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी आहे, आणि बाहेरून आलेल्यांना ती माहीत नसते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि माणसं गच्चीवर झोपतात. वर सगळे गाढ झोपेत आणि खाली कपाट उचकलेलं, असे प्रकार दर उन्हाळ्यात होतात. गच्चीवर झोपणार असाल तर खालचं पुढचं-मागचं दार आतून लावा, जिन्याचं दार वरून बंद करा आणि मोबाइल उशाशी ठेवा. गच्च्या शेजारीशेजारी असतील तर रात्री एकमेकांना हाक मारण्याची सवय ठेवा.

आता पत्त्याबद्दल. याकडे कुणी लक्ष देत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपल्याकडे कॉलनीचा कागदोपत्री पत्ता म्हणजे गट नंबर आणि प्लॉट नंबर. साईनगर, गणेशनगर, समर्थ कॉलनी अशी नावं शहरात अनेक ठिकाणी सापडतात. अडचणीत असलेला माणूस फोनवर "साईनगरमध्ये या" एवढंच सांगतो आणि गाडी भलतीकडे जाते. महाराष्ट्रात पोलीस मदतीसाठी ११२ आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८. दोन्हीकडे फोन केल्यावर पहिला प्रश्न ठिकाणाचाच असतो. तेव्हा कॉलनीच्या तोंडाशी नकाशाचा फलक, प्रत्येक वळणावर प्लॉट नंबरांची पाटी आणि प्रत्येक घरावर रात्री दिसेल असा आकडा लावून घ्या. फाटकाच्या खर्चाच्या मानाने हे काहीच नाही. आणि छातीत कळ आलेल्या माणसासाठी आलेली गाडी दहा मिनिटं कॉलनीत घिरट्या घालत असते तेव्हा या पाटीची किंमत कळते.

फाटकाचंही इथेच सांगते. ले-आऊटमधले रस्ते महापालिकेकडे गेले असतील तर ते सार्वजनिक रस्ते झाले. परवानगीशिवाय फाटक लावून वाट अडवता येत नाही. तुमचे रस्ते कुणाच्या नावावर आहेत ते नगररचना विभागात विचारून घ्या. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे. कुणी कुठे बसावं-फिरावं हे त्या कायद्याखाली महापालिका ठरवते, कॉलनीचा ग्रुप नाही. कायदा बाजूला ठेवला तरी मला भाजीवाली हवी आहे. रोज सकाळी दहाच्या सुमारास हाळी देत येणारी मावशी प्रत्येक दाराशी थांबते. एखाद्या म्हाताऱ्या आजींनी दोन दिवस दार उघडलं नाही, तर ते बहुतेक वेळा आधी तिच्याच लक्षात येतं.

अनोळखी माणसांना बंदी या सूचनेबद्दल मला मनापासून भीती वाटते. कारण आपल्या खानदेशात त्याचं टोक आपण बघितलं आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजार भरलेला. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण तिथे भिक्षेसाठी आले होते. त्यातले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज त्या दिवसांत मोबाइलवर फिरत होते. जमावाने या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि तिथे मारून मारून त्यांचा जीव घेतला. त्यांनी कुणाचंही मूल पळवलं नव्हतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटमध्ये पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली.

राईनपाडा आदिवासी पाडा होता, आपली कॉलनी शिकलेल्यांची आहे, असं म्हणून सुटता येत नाही. 'संशयास्पद इसम, सर्वांनी सावध राहा' असा फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकतं, तो शेजारच्या कॉलनीत जातो, तिथून तिसरीकडे, आणि संध्याकाळी तो माणूस कुठे गाठला जाईल हे टाकणाऱ्याच्या हातात उरत नाही. इंग्रजांच्या १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण त्या जमातींच्या माणसाला पाहून दार लावून घेणं अजून थांबलेलं नाही. तुमच्या ग्रुपवर एवढा एकच नियम करून घ्या: कुणाचाही चेहरा दाखवणारा फोटो टाकायचा नाही. खटकलं तर समोर जाऊन नीट विचारायचं. तेवढी हिंमत होत नसेल तर ११२ ला सांगायचं. चोर प्रत्यक्ष हाती लागला तर सामान्य माणसालाही त्याला धरता येतं, पण लगेच पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे सहा तासांच्या आत. हात उगारायचा नाही, खांबाला बांधायचं नाही.

पोलिसांशी ओळख घटना घडायच्या आधीच करा. तुमच्या भागाचा बीट अंमलदार, म्हणजे तो भाग सांभाळणारा पोलीस, कोण ते ठाण्यात जाऊन विचारा आणि त्याला कॉलनीत चहाला बोलवा. भाडेकरूची माहिती ठाण्यात देणं हे घरमालकाचं काम आहे. ते सगळ्यांच्या बाबतीत सारखं करा, फक्त आडनाव बघून नको.

कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही. ते नंतर तपासाला कामी येतात, चोरी थांबवतातच असं नाही. चित्रण साठवणारा डीव्हीआर टीव्हीखाली ठेवला तर चोर तोही उचलून नेतो. तो आत कुठेतरी दडवा आणि बॅटरीवर चालेल असं करा. त्यातलं घड्याळ बरोबर आहे का ते मधूनमधून बघा. गाडीचा दिवा समोरून आला की नंबर प्लेट पांढरीफटक दिसते, म्हणून एक कॅमेरा वळणावर, जिथे गाडी हळू होते तिथे, जरा बाजूने लावा. शेजाऱ्याच्या दाराकडे किंवा खिडकीकडे तोंड नको, त्यावरून भांडणं होतात.

आईंना तीन गोष्टी आजच सांगून ठेवा. दागिने पॉलिश करून देतो म्हणत कुणी आलं तर दारही उघडायचं नाही. आणि रस्त्यात कुणी "आम्ही पोलीस आहोत, पुढे खून झालाय, दागिने काढून पुडीत बांधा" म्हणालं तर मोठ्याने ओरडायचं. खरा पोलीस कधी दागिने काढायला सांगत नाही. फोनवरून अटकेची भीती घालून पैसे मागितले तर फोन ठेवून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायची.

मुलीच्या बाबतीत, तिला क्लासला पाठवणं थांबवू नका. ती संध्याकाळी ज्या रस्त्याने येणार तो रस्ता तुम्ही स्वतः त्याच वेळी एकदा चालत या. कुठला दिवा बंद आहे, कुठे टवाळ पोरं बसतात, कुठलं दुकान उशिरापर्यंत उघडं असतं ते बघा. त्या दुकानदाराशी तिची ओळख करून द्या. बंद दिव्याच्या खांबावरचा नंबर टिपून घ्या आणि महापालिकेच्या विद्युत विभागात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अर्जावर एकट्याची सही नको. गल्लीतल्या दहा-बारा घरांच्या सह्या घ्यायला दारोदार जा. नवीन आलेल्या माणसाला प्रत्येक घराची कडी वाजवायला याहून चांगलं कारण मिळणार नाही.