मुलीच्या गळ्यातली थायरोग्लॉसल सिस्ट साधी गाठ म्हणून काढली, रिपोर्टमध्ये पॅपिलरी कॅन्सर (थायरॉइडच्या कॅन्सरचा एक प्रकार) आला. आता थायरॉइडही काढावी लागेल का?

लगेच नाही, आणि कदाचित कधीच नाही. मी मुंबईत पॅथॉलॉजिस्ट आहे. ऑपरेशनचा निर्णय सर्जनचा, पण असे रिपोर्ट आम्हीच सही करून देतो, म्हणून लिहिते.

बाळ पोटात असताना थायरॉइड जिभेच्या मुळाशी तयार होते आणि गळ्यात खाली उतरते. ती वाट पुढे बुजते. कधी बुजत नाही, मग तिथे गाठ धरते, तीच थायरोग्लॉसल सिस्ट: गळ्याच्या मधोमध, जीभ बाहेर काढली की वर सरकणारी. त्या वाटेत थायरॉइडच्या पेशी मागे राहिलेल्या असू शकतात, म्हणून थायरॉइडचा कॅन्सर तिथेही होऊ शकतो. अशा गाठींपैकी जेमतेम १ टक्क्यात तो सापडतो, तोही बहुतेक मोठ्या माणसांत. त्यामुळे आधी कुणाला शंका आली नाही याचा राग डॉक्टरांवर काढू नका. बहुतेकदा तो पहिल्यांदा आमच्या मायक्रोस्कोपखालीच दिसतो.

डिस्चार्ज कार्डावर 'सिस्ट्रंक' शब्द शोधा. १९२० साली सिस्ट्रंक नावाच्या सर्जनने सांगितलेल्या पद्धतीत गाठीबरोबर जिभेखालच्या हायॉइड हाडाचा मधला तुकडा आणि जिभेच्या मुळापर्यंतची वाटही काढतात. नुसती गाठ काढली असेल, तर बहुधा आधी ते अर्धं राहिलेलं काम पुरं करावं लागेल.

मग गळ्याची नीट सोनोग्राफी. कॅन्सर गाठीच्या आतच असेल, कडा स्वच्छ असतील, थायरॉइड आणि बाजूच्या लसिकाग्रंथी ठीक असतील, तर बरेच डॉक्टर तेवढ्यावर थांबून नियमित तपासणी करतात. भिंत फोडून बाहेर आला असेल किंवा ग्रंथींत पोचला असेल, तर थायरॉइड काढणं आणि रेडिओआयोडीन (किरणोत्सारी आयोडीनचा उपचार) यांचा विचार होतो. मधल्या केसेसमध्ये डॉक्टरांचंही एकमत नसतं. घाईने काढू नये असं मला वाटतं ते यासाठी, की नंतर लहान मुलीला जन्मभर थायरॉइडची रोजची गोळी, शिवाय कॅल्शियम कमी होण्याची भीती. पॅपिलरी प्रकार सहसा सावकाश वाढतो. विचाराला वेळ मिळतो.

आणि लॅबमधून स्लाइड्स आणि गाठीचे तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्या, नुसता रिपोर्टचा कागद नको. परळला टाटामध्ये फाइल काढलीत की तेच पुन्हा तपासायला मागतील. टाटाचं नाव ऐकून घरची मंडळी हादरतील, त्यांना आधीच सांगून ठेवा की सेकंड ओपिनियनला चाललोय.