स्टिकर काढू नकोस

बाळ,
अनेक आशीर्वाद.

आपल्या खासगी शाळेच्या हिशेबखात्यात रुजू झालीस, फार बरं वाटलं. कोविडची फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारची, मदत बँकेच्या खात्यात कुठेच दिसत नाही, म्हणून तू घाबरलीस. ती तिथे सापडणारच नाही. डिसेंबर 2020 आणि मार्च 2021च्या कायद्यांनी खासगी शाळांसाठी दोनदा प्रत्येकी 275 कोटी डॉलर वेगळे ठेवले, पण ते राज्यांच्या शिक्षणखात्यांकडे गेले. शाळेने अर्ज करायचा, खरेदी राज्याने करायची, बिल राज्यानेच भागवायचं. वस्तूंची मालकीही राज्याचीच. लॅपटॉपच्या पाठीवरचे आणि हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांवरचे ते पिवळे पडलेले स्टिकर म्हणूनच आहेत. ते खरवडू नकोस.

पहिल्या फेरीत आधी केलेल्या काही खर्चाची भरपाई मिळत होती. दुसऱ्या फेरीत कायद्याने ती बंद केली. मी नियम नीट न वाचता आधीच सामान मागवून बसलो आणि तो भार शाळेच्या तिजोरीवर पडला. त्याची खंत अजून जात नाही. मंजुरीचं पत्र हातात आल्याशिवाय एक मास्कसुद्धा मागवायचा नाही, हे तेव्हा शिकलो.

त्याआधी 2020च्या उन्हाळ्यात मोठं भांडण झालं होतं. या दोन्ही फेऱ्यांच्या आधी आलेल्या मदतीतला खासगी शाळांतल्या मुलांचा वाटा कसा काढायचा? शिक्षणमंत्री बेट्सी डेव्हॉस यांचं खातं म्हणालं, पटावरची सगळी मुलं मोजा. कायद्याचा रोख गरीब मुलं मोजण्याकडे होता. सरकारी शाळांच्या बाजूचे लोक कोर्टात गेले आणि सप्टेंबर 2020मध्ये वॉशिंग्टन डीसीच्या फेडरल कोर्टाने खात्याचा नियम रद्द केला. मी खासगी शाळेत नोकरी करत होतो, तरी मला तो निकाल पटला, आजही पटतो. पूर्ण फी भरणाऱ्या घरातलं मूल मोजून शेजारच्या सरकारी शाळेतल्या गरीब मुलाचा वाटा कमी करणं मला मान्य नव्हतं.

दुसऱ्या फेरीत तर कमी उत्पन्नाच्या मुलांचं प्रमाण दाखवावंच लागायचं, साधारण 40 टक्के. त्यासाठी आम्ही पालकांकडून उत्पन्नाचे फॉर्म भरून घेतले. एका आईने फॉर्मची चार घड्या घालून चिठ्ठी केली आणि शाळा सुटल्यावर, कोणी बघत नाही असं पाहून माझ्या हातात ठेवली. त्या दिवसापासून बंद पाकिटं ठेवली, आणि पाकीट फक्त मीच उघडायचो. तू असा फॉर्म मागशील तेव्हा तो आधी स्वतः भरून बघ, मग पालकांपुढे ठेव.

आता तुझ्या हातातलं काम. जिन्याखालच्या खोलीत यंत्रं असतील, त्यांचे क्रमांक राज्याच्या यादीशी ताडून बघ. एखादं सापडलं नाही तर लपवू नकोस, राज्याच्या कार्यालयाला तसं लेखी कळव. एकही यंत्र भंगारात किंवा कुणाच्या घरी जाऊ देऊ नकोस. यादी जुळली की मला फोन कर, कितीही उशीर झाला तरी.

तुझा,
काका