खोल रोल मारणारा नर दोनदा आपटलाय, तरी तो जोडीला लावावा का?

नका लावू.

तुम्ही लिहिलंय की तुमचा रोलर जातीचा कबुतर-नर दीड वर्षाचा आहे, तीस-चाळीस फूट रोल मारतो, म्हणजे हवेत मागं पलट्या खात तेवढा खाली येतो, एकदा पत्र्यावर आणि एकदा अंगणात आपटला, पण दोन्ही वेळा वाचला. क्लबातले जुने लोक म्हणतात, असं पाखरू नशिबानं मिळतं, त्याला तशीच खोल मादी बघ, दोन वर्षांत स्पर्धेचं किट, म्हणजे एकत्र उडणारा थवा, उभं राहील. हेच मलाही सांगितलं होतं. मी ऐकलं. त्याचं काय झालं ते सांगतो, म्हणजे तुमचं उत्तर त्यातच येईल.

मला रोलरचा नाद आमच्या क्लबातल्या एका ज्येष्ठांनी लावला. मी त्यांना काका म्हणतो. पिल्लाच्या पायात रिंग सातव्या-आठव्या दिवशी घालायची, उशीर झाला की पंजा रिंगेतून जात नाही, हे त्यांनीच शिकवलं. दाणा मोजून द्यायचा, कारण पोट भरलेलं पाखरू किटमध्ये उडत नाही, छपरावर जाऊन बसतं, हेही त्यांचंच. माझी ढाबळ त्यांनी स्वतःच्या हातानं ठोकून दिली होती. पुढं जे लिहितोय ते या माणसाचे उपकार विसरून लिहीत नाही.

माझ्याकडे एक गडद चेकर, म्हणजे पंखांवर चौकटी असलेला नर होता. रिंगचा शेवटचा आकडा ३१, म्हणून आम्ही त्याला एकतीसच म्हणायचो. पाचव्या महिन्यात पलट्या सुरू झाल्या, वर्षाचा झाला तेव्हा चाळीस फुटांचा रोल मारायला लागला. चांगला रोल बाजूनं बघितला की पाखरू दिसतच नाही, एक बांगडी फिरत खाली येताना दिसते आणि बांगडीच्या मधलं भोक स्पष्ट दिसतं. एकतीसच्या रोलमध्ये ते भोक दिसायचं. त्याच्या वेगाबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती.

तक्रार होती ती रोल संपताना. चांगलं पाखरू रोलमधून सुटतं तेव्हा तोडून सुटतं. एका क्षणी बांगडी फिरत असते, दुसऱ्या क्षणी पंख पसरून पाखरू स्थिर असतं, आणि तिथूनच मान वर करून सरळ किटकडे झेपावतं. एकतीस तसा सुटायचा नाही. शेवटच्या दोन-तीन पलट्या ढिल्या पडायच्या, अंग एका बाजूला कलायचं, आणि बाहेर आल्यावर तो पाच-सहा वेळा पंख मारून एकटाच पुढं निघून जायचा. किट कुठं आहे हेच त्याला कळायचं नाही. मग एक चक्कर मारून वर चढायचा. तोवर वरचे बाकीचे दोन ब्रेक, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकदम मारलेले रोल, करून मोकळे झालेले असायचे.

मी हे काकांना दाखवलं. ते म्हणाले, "अरे, खाली खोल जातो म्हणून वर यायला वेळ लागतो. साधा हिशोब आहे." आणि त्यांनी स्वतःची एक मादी आणून दिली. तीही खोल. "खोलाला खोल. दुसरं काही बघू नकोस."

त्या जोडीची दोन मोसमांत चौदा पिल्लं घेतली. दोन ससाण्यानं नेली, तो भाग वेगळा. उरलेल्या बारांपैकी पाच वर्ष भरायच्या आत आपटून मेली किंवा उडायच्या लायकीची राहिली नाहीत. तिघांनी रोल करायचं सोडूनच दिलं, शेपूट दाबून नुसती उडायची, जणू पलटी मारायला घाबरतात. चार किटमध्ये टिकली. त्यातलं खऱ्या अर्थानं चांगलं एकच. हे सगळं माझ्या वहीत आहे, तारखांसकट. काका क्लबात सांगायचे ते फक्त त्या एकाबद्दल.

रोल न थांबता पाखरू खाली येऊन आपटतं त्याला रोलडाऊन म्हणतात हे तुम्हाला ठाऊक असेलच, तुमचा नर तेच करतोय. तरी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण जुने लोक ती उलटी सांगतात. जमिनीवर आपटणारं पाखरू जास्त ताकदीचं नसतं. त्याला रोल थांबवता येत नाही. रोल सुरू होणं रक्तात असतं, आणि तो थांबवण्याचा ताबाही रक्तातच असतो. तुम्ही पिढ्यान् पिढ्या फक्त पहिल्या गोष्टीवर निवड केली तर दुसरी हातातून जाणारच. पार्लर रोलर नावाची जात आहे, ती जमिनीवरच कोलांट्या खात जाते आणि वयात आली की तिला धड उडताही येत नाही. पलटीची ओढ वाढवत नेली की पाखरू कुठवर जातं, ते तिच्याकडे बघून कळतं.

आता स्पर्धेच्या दिवसाचं.

वीस पाखरांचं किट, वीस मिनिटं वेळ. निदान पाच पाखरांनी एकदम रोल मारला तरच ब्रेक धरतात. पाच ते नऊ पाखरं असतील तर पाखरामागं एक गुण, दहापासून दुप्पट, पंधरापासून तिप्पट, आणि पूर्ण वीसच्या वीस एकदम पडली तर पाचपट, म्हणजे शंभर. शेवटी एकूण गुणांना दर्जाचा एक आणि खोलीचा एक असे दोन गुणक लावतात, दोन्ही १ ते २ मधले. काकांचा सगळा भर त्या खोलीच्या गुणकावर. आदल्या संध्याकाळी मी एकतीसला वेगळ्या खणात ठेवला होता. सकाळी काका आले, त्यांनी खण बघितला आणि विचारलं, "हा आत का?" मी म्हटलं, उतरताना कलतोय, आज नको. ते म्हणाले, "पंच एवढ्या लांबून आलाय, त्याला काय नुसत्या पलट्या दाखवणार?" मी एकतीसला किटमध्ये सोडला. जबरदस्ती कुणी केली नव्हती. हात माझा होता, हे मी मान्य करतो.

सातव्या मिनिटाला अकरा पाखरांचा ब्रेक झाला. त्या दिवसातला सर्वात सुंदर. किट पुन्हा जुळत होतं आणि एकतीस एकटाच मागून रोलमध्ये गेला. आधी सगळ्यांनी माना वर केल्या, मग तो खाली येत गेला तशा माना खाली येत गेल्या. झाडाच्या शेंड्याची रेघ ओलांडली तेव्हा मला कळलं. पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर आपटला. ओली चादर दगडावर आपटावी तसा आवाज आला.

माझ्या मागं उभ्या असलेल्या लोकांच्या तोंडून "वाऽ" निघालं. तो आवाज मी विसरलेलो नाही.

मी वर जाऊन त्याला उचललं. अंग गरम होतं. आदल्या संध्याकाळी मोजून दिलेला दाणा पचलेला होता, गलपिशवी रिकामी, अगदी उडायला हवी तशी. एका डोळ्याची पापणी अर्धी मिटलेली. पंखातलं एक पीससुद्धा मोडलं नव्हतं. वर किट अजून उडत होतं, घड्याळ चालू होतं, आणि खाली काका पंचांना विचारत होते, "असला रोल कधी पाहिला होता?" पंच काही बोलले नाहीत, पुढच्या ब्रेककडे बघत राहिले. आपटलेल्या पाखराला गुण नसतात.

आमच्या क्लबात त्या रोलची गोष्ट अजून सांगतात. पाखराची सांगत नाहीत.

काकांशी माझा वाद तिथून सुरू झाला. त्यांचा हिशोब मी त्यांच्याच पद्धतीनं मांडून दाखवला होता, तो तुम्हालाही उपयोगी पडेल. समजा जुळून उडणाऱ्या, मध्यम खोलीच्या किटनं वीस मिनिटांत २०० गुण केले आणि दोन्ही गुणक १.३ मिळाले, तर झाले ३३८. खोल पाखरांच्या किटला खोलीचा गुणक १.६ मिळू दे, दर्जा तोच धरा. पण अर्धी पाखरं सतत खालून वर चढत असतात, म्हणून ब्रेक लहान आणि कमी. गुण झाले ११०. गुणाकार करून २२९ सुद्धा भरत नाहीत. काका म्हणाले, कागदावर पाखरं उडत नाहीत.

मग ते जुन्या लोकांचा दाखला द्यायचे. जुन्या लोकांचंच बघायचं तर अबुल फजलनं अकबराच्या कबुतरांबद्दल लिहिलंय. खास कबुतर पंधरा चरख आणि सत्तर बाज्या मारतं, असा त्याचा आकडा आहे. त्यानं मोजदाद केली ती पलट्यांची. कबुतर किती खाली पडलं याचं कौतुक नाही. डार्विन लंडनच्या दोन कबुतर-क्लबांचा सदस्य होता आणि कबुतरबाजांत बसून शिकला होता. टंबलरचं, म्हणजे हवेत पलट्या खाणाऱ्या कबुतराचं, वर्णन करताना त्यानंही उंचावर दाट थव्यानं उडणं आणि हवेत पलटी खाणं या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत. थवा सोडलेलं पाखरू कितीही पडलं तरी ते अर्धंच पाखरू.

एकतीसनंतर मी एका निळ्या मादीवर ढाबळ उभी केली. रिंग २२. रोल वीस फुटांच्या आसपास, कधी जास्त नाही. काका तिला "मध्यम" म्हणायचे. पण चार वर्षांत ती एकदाही छपराला लागली नाही, आणि रोल तोडून किटमध्ये परत जायला तिला तीन-चार सेकंद पुरायचे. मी तिची दोन मोसम नोंद ठेवली, मगच जोडी लावली. नरही तसाच बघितला, तिच्यापेक्षा थोडा खोल, पण सुटायला स्वच्छ. तिसऱ्या मोसमात त्या घराण्याच्या किटनं स्पर्धेत पंधराचा ब्रेक दिला. एका झटक्यात ४५ गुण. पंधरा बांगड्या एकाच रेषेत खाली आल्या आणि एकाच रेषेत थांबल्या. काका माझ्या शेजारी उभे होते. म्हणाले, "खोली नाही."

ते तसं म्हणाले याचं मला अजून वाईट वाटतं.

तर तुमच्या नराचं. एक शक्यता तपासून घ्या, मी सुरुवातीला फटकन "नका लावू" लिहिलं त्यात ती राहिली. दोन्ही वेळा तो पिसं टाकायच्या दिवसांत आपटला होता का? किंवा ससाणा मागं लागला होता का? आजारी, जंत झालेलं किंवा मोठी पिसं अर्धवट आलेलं पाखरूही ताबा सोडतं. तसं असेल तर सहा-आठ आठवडे बंद ठेवा, पिसं पूर्ण येऊ द्या, मग थोड्या वेळासाठी उडवून बघा. पुन्हा आपटला तर उडवणं कायमचं बंद. त्याला मारायचं काही कारण नाही. मादीबरोबर ठेवलात तर त्यांची स्वतःची अंडी काढून दुसऱ्या जोडीची अंडी खाली ठेवा, पिल्लं भरवायला तो चालेल. फक्त "खोल नर" म्हणून एखाद्या नव्या पोराच्या गळ्यात मारू नका. एकतीसचे भाऊ असेच वाटले गेले होते, आणि त्या पोरांपैकी दोघांनी वर्षभरात ढाबळी मोडल्या.

उलट टोकही सांगायला हवं. उथळाला उथळ लावत गेलात तर चार-पाच पिढ्यांत नुसत्या सुट्या पलट्या उरतात, रोल जातो. आणि ताबा यावा म्हणून होमर, म्हणजे लांबून घरी परतणारं शर्यतीचं कबुतर, मिसळायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पहिल्याच पिढीत रोल जवळजवळ नाहीसा होतो आणि परत आणायला वर्षं जातात. खोली हवीच. ती ताब्याच्या मागून यावी, एवढंच माझं म्हणणं. दीड वर्षाचं पाखरू जोडीला लावणंही मला पटत नाही, आपटत नसलं तरी. पूर्ण दोन मोसम उडवल्याशिवाय ते काय आहे हे कळत नाही. माझ्याकडे एक मादी वर्ष उलटल्यावर रोल करायला लागली, आज ती सर्वात भरवशाची आहे.

किट कसं बसवायचं हेही विचारलंय तुम्ही. तो विषय मोठा आहे, वेगळा प्रश्न टाका. ढाबळ झाडताना तोंडाला मास्क लावा, एवढं मात्र आत्ताच सांगून ठेवतो. पिसांची आणि विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की फुफ्फुसं कायमची खराब होऊ शकतात. काकांना आता चार पायऱ्या चढल्या की थांबावं लागतं.

गेल्या मोसमात त्यांनी निरोप पाठवला, बावीसची एक नात असेल तर दे. मी दोन दिल्या. त्यांचा मुलगा त्या उडवतो, काका खाली खुर्चीत बसून बघतात. मी परवा गेलो होतो तेव्हा त्यांच्या हातात वही होती. पाखरू रोलमधून सुटलं की ते पुटपुटत आकडे मोजत होते, एक, दोन, तीन, आणि ते किटला लागलं की आकडा लिहीत होते.