मेगालोडॉनचा दात घेण्यापूर्वी त्याचे मूळ पाहा

मालवणच्या एका दुकानात वाळूच्या ढेपेत अर्धा रुतलेला 7 सेंटीमीटरचा दात आपण पाहिला, तो मेगालोडॉन या नामशेष झालेल्या महाकाय मोरीचा (शार्कचा) असून देवगडजवळ एका मच्छीमाराच्या जाळ्यात आला असे दुकानदाराने सांगितले, आणि तो घ्यावा की नाही, असे आपण विचारले आहे. आपण पाठवलेली दोन्ही छायाचित्रे मी मोठी करून पाहिली. माझ्या मते हा दात मेगालोडॉनचा नाही आणि देवगडचाही नाही. तरीही तो अस्सल जीवाश्म असू शकतो, आणि घेण्याचा निर्णय त्यावरच घ्यावा लागेल.

आधी देवगडविषयी. आपल्या किनाऱ्याचा मुख्य खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा कातळ आणि त्यावरचा जांभा. या दोहोंत माशांचे दात जीवाश्म होऊन राहत नाहीत. रत्नागिरीकडे विहीर खणताना जांभ्याखालच्या चिकणमातीत कोळसा झालेले लाकूड मिळते; तो आपल्याकडचा खरा ठेवा आहे, पण तो वनस्पतींचा आहे. भारतात मोरीचे जीवाश्म दात कच्छमध्ये आणि ओडिशातील बारिपदा परिसरात मिळतात, आणि ते सहसा लहान असतात. त्यामुळे ‘इथेच सापडला’ हे वाक्य ऐकले की मी पहिल्यांदा सावध होतो.

आता दाताकडे वळू. मेगालोडॉन सुमारे 2 कोटी 30 लाख ते 36 लाख वर्षांपूर्वीपर्यंत समुद्रात होता, आणि त्याच्या दाताच्या कडेला अगदी बारीक, एकसारखी करवत असते. भिंगाखाली ती टोकापासून मुळापर्यंत सलग दिसते. आतल्या बाजूला पाते आणि मूळ यांच्यामध्ये इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा, झळाळी नसलेला गडद पट्टाही असतो. आपल्या छायाचित्रातील दाताची कड गुळगुळीत आहे आणि मुख्य पात्याच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटे सुळके आहे. ही खूण ओटोडस ऑब्लिक्वस या मेगालोडॉनच्या बऱ्याच जुन्या पूर्वजाची असून हे दात मोरोक्कोतील खुरिब्गा भागाच्या फॉस्फेट खाणींतून हजारोंनी बाहेर पडतात. अनेक विक्रेते त्यांना ‘मेगालोडॉनचे पिल्लू’ म्हणतात. पिल्लाच्या दाताला कधीकधी अशी सुळकी असतात हे खरे, पण तेव्हाही कड दातेरीच असते. किमतीत मोठा फरक पडतो, म्हणून ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी.

खरी अडचण मुळाची आहे. खाणीतून निघताना पाते टिकते, कारण त्यावरचे आवरण टणक असते. मूळ मात्र सच्छिद्र असल्याने मोडते. मग दुसऱ्या दाताचे मूळ जोडले जाते किंवा वाळू आणि गोंद एकत्र करून नवे घडवले जाते, आणि सांधा झाकण्यासाठी सगळेच वाळूच्या ढेपेत बसवले जाते. मी स्वतः सुरुवातीच्या काळात असा एक दात घेतला होता. घरी आल्यावर तो स्टीलच्या पातेल्यात कोमट पाण्यात ठेवला. सकाळी पाणी गढूळ झाले होते, ढेप विरघळली होती, आणि मुळाचा डावा अर्धा भाग बोटाने दाबताच ओल्या पिठासारखा निघून आला. पाते मात्र अस्सल होते, आणि ते आजही माझ्याकडे आहे. त्या दिवसापासून मी चकाकणाऱ्या पात्याआधी मूळच पाहतो.

दुकानात पाहताना दहापट भिंग जवळ ठेवावे. खऱ्या मुळाच्या पृष्ठभागावर बारीक खळगे आणि रक्तवाहिन्यांसाठीची छिद्रे असतात, आणि पात्याशी येणारी त्याची हद्द स्वच्छ, रेखीव असते. घडवलेल्या मुळात वाळूचे सुटे कण, गोंदाची झाक किंवा ब्रशचे ओरखडे दिसतात. नोटा तपासण्याच्या जांभळ्या प्रकाशाची छोटी बॅटरी अंधारात मारली तर पुष्कळसे गोंद निळसर-पांढरे चमकतात. संपूर्ण रेझिनची नक्कल असेल तर ती हातात हलकी लागते, साच्याची शिवण किंवा हवेचे बारीक बुडबुडे दिसतात, आणि दुकानात तोच तुटका कोपरा असलेला दुसराही दात पडलेला असतो. तापवलेली सुई टोचून प्लास्टिकचा वास घेण्याचा उपाय सांगितला जातो, पण दुसऱ्याच्या वस्तूवर तो करू नये. आम्लाचा थेंब तर कधीच टाकू नये, कारण त्याने खरा दातही खराब होतो.

डोळा तयार करण्यासाठी मासळी बाजारात जाऊन मोरीचे डोके मागून आणावे. जबड्याच्या आत दातांच्या रांगा एकामागे एक कशा आहेत, बाहेरची बाजू सपाट आणि आतली फुगीर कशी असते, हे एकदा हाताने चाचपून पाहिले की ढेपेत उलटा बसवलेला दातही लगेच ओळखता येतो. हे दात पांढरे आणि हलके असतात. जीवाश्मात जमिनीतील खनिजे भरलेली असल्यामुळे तो जड लागतो. रंगावरून वय मात्र ठरवू नये, कारण तो गाळातील खनिजांवर अवलंबून असतो.

दुकानदाराला मोरोक्कोचा ओटोडस म्हणून भाव विचारावा, आणि मूळ मोकळे करून दाखवण्याची विनंती करावी. त्याने नकार दिल्यास किंमत केवळ पात्याची धरावी. आतल्या बाजूचे, शेजारी मोजपट्टी ठेवलेले एक छायाचित्र मिळाले तर ते पाठवावे. मुळाविषयी मी अधिक नेमके सांगू शकेन.