तिसऱ्यांदा नीट? माझं उत्तर ‘नाही’

पलूसच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी सांगलीत बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला. नीटचे दोन प्रयत्न झालेत. कॉलेज सोडून तिसरा द्यावा, असं वडिलांचं म्हणणं. तिला मात्र फुफ्फुसाला अचानक इजा होते तेव्हा प्रतिकारपेशी एकमेकींना काय संदेश देतात, यावर काम करायचंय. तिच्या वहीतलं एक पान ‘असलं खूळ’ म्हणून सोबत जोडलंय. शेवटी लिहिलंय, ‘तुम्ही तिला पटवा, पण मी लिहिलंय हे कळू देऊ नका.’

साहेब, हे काम माझ्याकडून होणार नाही. मला तिच्या मार्कांपेक्षा काळजी वाटते ती तिला न विचारता तिच्या वहीचं पान फाडून इथवर आलं याची. ‘पाहुण्यांत तोंड दाखवता येत नाही’ हे तुमच्या पत्रात दोनदा आलंय. घरात ती हे किती वेळा ऐकत असेल? अशा घरात बसून तिसऱ्या वर्षी मार्क वाढतील, हा हिशेब मला जुळत नाही.

ते पान मी नीट वाचलं. फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्यांत, म्हणजे वायुकोशांत, राहणाऱ्या मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींना जंतूंची चाहूल लागली की त्या टीएनएफ, आयएल-८ अशी संदेश देणारी रसायनं सोडतात. त्या हाकेवर रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात, आणि त्यांनी जंतूंवर सोडलेल्या इलॅस्टेज या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमने वायुकोशाचं अस्तरही फाटतं. प्रथिनांनी भरलेलं पाणी आत झिरपतं, ऑक्सिजन घसरतो. हे सगळं तिने बरोबर लिहिलंय. खाली प्रश्न आहे : ‘ही हाक थांबवतं कोण?’ दुसऱ्या वर्षाच्या पोरीने हे विचारलं याचं मला कौतुक वाटलं. मेलेल्या न्यूट्रोफिल गिळल्यावर मॅक्रोफेजच सूर बदलतात, आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा ही शांत करणारी रसायनं सोडून आवरतं घेतात. प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या टी-रेग पेशी हातभार लावतात. एक दुरुस्ती तिला सांगा. उंदरावर प्रयोग करायचा म्हणते, पण उंदराला आयएल-८ नसतंच. तिथे त्याच्या जागी तेच काम करणारी केसी आणि एमआयपी-२ ही रसायनं मोजतात. फुफ्फुस धुऊन काढलेल्या द्रवातल्या पेशी मोजताना आत घातलेल्यापैकी किती द्रव परत आला हेही लिहून ठेवायचं, नाहीतर दोन उंदरांचे आकडे ताडून बघता येत नाहीत.

तुम्ही लिहिलंय, ‘संशोधनच करायचं तर प्रतिकारशक्ती वाढवणारं औषध काढ म्हणावं.’ फुफ्फुसाच्या अशा अचानक इजेत नेमकी हीच समजूत उलटी पडते. इथे रोग्याच्याच पेशींचा मारा आवरेनासा झालेला असतो. कोविडमध्ये 2020 साली ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषधचाचणीत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 10 दिवस दिलं, तेव्हा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ते औषध प्रतिकार दाबणारं आहे. ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही. म्हणजे कुठला संदेश, कधी थांबवायचा, हा खरा प्रश्न. आणि तोच तुमच्या मुलीने धरलाय.

या कामाला एमबीबीएस लागत नाही. बी.एस्सी.नंतर जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेशपरीक्षा देऊन एम.एस्सी., मग संशोधनाच्या शिष्यवृत्तीसाठीची सीएसआयआर नेट परीक्षा, मग पुण्याचं पेशीविज्ञान केंद्र एनसीसीएस किंवा दिल्लीची राष्ट्रीय प्रतिकारशास्त्र संस्था अशा ठिकाणी पीएच.डी. नेटमधून जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, वर घरभाडं भत्ता. पण पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात आणि तशी नोकरी पलूसच्या आसपास मिळणं अवघड, हे आधीच ऐकून ठेवा. पेशंटजवळच राहायचं असेल तर रेस्पिरेटरी थेरपीची, म्हणजे रुग्णाच्या श्वसनाचे उपचार सांभाळण्याची, पदवी आहे. पण तिच्या पानावरून तरी तसं दिसत नाही.

जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतात, परीक्षा फेब्रुवारीत. नीटचं फिजिक्स, केमिस्ट्री बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरला उपयोगी पडेल. त्यात बारावीपर्यंतचं गणितही असतं. तिने अकरावीला गणित सोडलं असेल, तर येत्या सुट्टीत त्यालाच बसू दे.