रत्नागिरीहून मुलगा पहिल्यांदाच आळंदी ते पंढरपूर पायी वारीला निघालाय, तयारी काय करावी?

आधी पायांचं बघा. चालायची सवय असली तरी डांबरावरून सलग अडीचशे किलोमीटर ही वेगळी गोष्ट. नवे बूट अजिबात देऊ नका, महिनाभर वापरून मऊ झालेलेच द्या. पुणे ते सासवड टप्पा तीस किलोमीटरच्या आसपास, त्यात दिवेघाट. ओल्या मोज्यांनी तिथे हमखास फोड येतात. सुती मोज्यांचे तीन जोड हवेत. निघताना बोटांच्या बेचक्यात खोबरेल लावायचं, मुक्कामी पाय धुऊन खडखडीत कोरडे करायचे. फोड आलाच तर वरची कातडी सोलायची नाही.

वर देशावर आपल्यासारखा पाऊस नसतो, ऊन जास्त लागतं. टोपी द्याच.

मोठं सामान दिंडीच्या ट्रकमध्ये जातं, मुक्कामापर्यंत हाती येत नाही. म्हणून खांद्यावरच्या पिशवीत पाणी, प्लास्टिकचा कागद, ओआरएस. मोठी पुडी अख्खी एक लिटर पाण्यातच घालायची. पेलाभर पाण्यात ओतली तर द्रावण तीव्र होऊन त्रास वाढतो.

दिंडी क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवा, सोबत ती पालखीच्या रथापुढे चालते की रथामागे, म्हणजे ‘रथापुढे’ की ‘रथामागे’ तेही. एकच क्रमांक दोन्हीकडे असू शकतो, आणि गर्दीत फोन लागत नाही. फोन आला नाही म्हणून घाबरू नका. भिशीचे, म्हणजे दिंडीतल्या जेवणखाणाचे पैसे मात्र आधीच भरून टाका.