लॉकडाऊनमध्ये प्रयोगशाळाच बंद होत्या, मग विद्यापीठाच्या संशोधन कक्षात नेमकं काम काय होतं?

हसू आलं तुमचा प्रश्न वाचून. एप्रिल २०२० मध्ये नाक्यावरच्या हवालदारानंही मला हेच विचारलं होतं. "संशोधन कक्ष म्हणजे? लस बनवताय का?" नाही म्हटलं. "मग कशाला निघालात?" खरं तर मी ड्रॉवरमधली एक डायरी आणायला निघालो होतो, पण तसं सांगितलं असतं तर त्यानं तिथूनच परत पाठवलं असतं.

मी तेव्हा राज्यातल्या एका विद्यापीठाच्या संशोधन कक्षात कक्षाधिकारी होतो. (कुठलं ते विचारू नका, अजून तिथंच आहे.)

डायरीचं सांगतो. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) जेआरएफ, म्हणजे पीएचडी करणाऱ्या मुलांची फेलोशिप, तेव्हा महिना ३१ हजार होती, वर घरभाडं. पैसे थेट मुलांच्या खात्यात जातात, पण आपोआप नाही. 'हा विद्यार्थी काम करतोय' असं विद्यापीठाला दर महिन्याला कॅनरा बँकेच्या पोर्टलवर कळवावं लागायचं. त्यासाठी दोन लॉगिन, एक मेकर आणि एक चेकर. एकानं भरायचं, दुसऱ्यानं मंजूर करायचं. आमच्या मेकरचा पासवर्ड डायरीत, डायरी ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची किल्ली माझ्याकडे आणि मी पाडव्याच्या आदल्या रात्रीपासून घरात. इकडे शहरात खोली घेऊन राहिलेल्या, परभणी-नांदेडकडच्या मुलांचे फोन सुरू झालेले: "सर, मार्चचं कन्फर्मेशन गेलं का?"

डायरी आणली तरी पुढचा पेच होताच. कन्फर्मेशनआधी गाईड आणि विभागप्रमुखांच्या सहीचा हजेरीपट लागतो. विभागाला कुलूप असताना हजेरी कसली लावणार? शेवटी गाईडचा ईमेल हीच हजेरी मानली. नियमात ते बसत नव्हतं. मी घरून टिपणी लिहिली, उपकुलसचिवांनी व्हॉट्सॲपवर 'ठीक' एवढंच लिहिलं आणि त्या 'ठीक'ची प्रिंट मी जूनमध्ये नस्तीला लावली. ऑडिटनं अजून काही विचारलेलं नाही.

त्या दीड वर्षातलं आमचं बहुतेक काम हे असंच. जिथं सही लागते तिथं गाडी अडते, आणि सही करणारा माणूस कुठल्या गावी अडकलाय ते शोधत बसायचं.

त्यात लॉकडाऊन लागलं ऐन मार्चएंडला. केंद्राच्या पैशांवर चालणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाला उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आमच्या भाषेत यूसी, द्यावं लागतं. त्यावर पीआय (प्रकल्पाचे प्रमुख संशोधक), वित्त अधिकारी आणि कुलसचिव अशा तीन सह्या. आमच्या एका प्रकल्पाचे पीआय सासुरवाडीला कोल्हापुरात, वित्त अधिकारी ठाण्यात सील केलेल्या इमारतीत आणि कुलसचिव कॅम्पसवरच्या बंगल्यात. पीआयनी सही करून फोटो पाठवायचा, तो ठाण्यात कुणाच्या तरी घरच्या प्रिंटरवर छापायचा, त्यावर सही, पुन्हा फोटो. तिसऱ्या सहीपर्यंत आकडे इतके फिकट झाले की ८ आणि ३ ओळखू येईनात. मग मी तोच तक्ता नव्यानं टाइप करून फेरी पहिल्यापासून सुरू केली.

प्रकल्पांवरच्या कंत्राटी मुलांच्या पगाराचं तर भांडणच झालं. लॉकडाऊनमध्ये कंत्राटी माणसं कामावर आहेत असं समजून त्यांना पैसे द्यावेत, असं केंद्रीय अर्थ मंत्रालयाचं २३ मार्चचं परिपत्रक होतं. लेखा विभाग म्हणाला, ते केंद्राच्या कार्यालयांसाठी, आपलं राज्याचं विद्यापीठ. मी म्हटलं, पैसे केंद्राचेच आहेत ना? तीन आठवडे गेले यात. मिळाले शेवटी.

प्रयोगशाळाही सगळ्या बंद नव्हत्या. प्रयोग थांबवता येतो, उणे ८० अंशांचा फ्रीझर थांबवता येत नाही. उंदरांना रोज खायला लागतं. कोणी किती वाजता यायचं, जनरेटरचं डिझेल कोण बघणार, याची यादी माझ्याकडे असायची. आणि कोविडवरचं काम तर जोरात होतं. पुण्यात आयसर (केंद्राची विज्ञान संस्था) आणि पुणे विद्यापीठ वगैरेंनी मिळून २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये पाच प्रभागांत १,६६४ जणांचं रक्त तपासलं, त्यात ५१.५ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या. दोन-अडीच आठवड्यांत नमुने गोळा! अशा कामात किती संस्था, किती परवानग्या आणि किती सह्या असतात ते मला ठाऊक आहे, म्हणून मला त्या आकड्याइतकंच त्या वेगाचं अप्रूप वाटलं. मनात आणलं तर कागद पळतात. बाकीच्यांचे मात्र रांगेत राहिले. समाजशास्त्राच्या मुलांचं फील्डवर्क गेलं, इतिहासवाल्यांचे दफ्तरखाने बंद.

२०२१ च्या एप्रिलमध्ये वेगळंच संकट. ऑक्सिजनसाठी देशभर धावाधाव होती, नायट्रोजनच्या यंत्रणेतून ऑक्सिजन काढण्याचा प्रयोग आयआयटी मुंबईनं करून दाखवला तो याच दिवसांत. सगळा जोर ऑक्सिजनवर असल्यानं आमच्या पुरवठादारानं द्रव नायट्रोजन द्यायला हात वर केले, आणि त्याला दोष तरी कसा देणार? पण जीवशास्त्र विभागातल्या पेशींचे नमुने त्या नायट्रोजनच्या कंटेनरमध्ये होते, वर्षानुवर्षं जमवलेले. मार्ग काढला आमच्या शिपायानं. त्याच्या गावी दूध संघाचं कृत्रिम रेतनाचं केंद्र आहे, वळूचं वीर्य द्रव नायट्रोजनमध्येच ठेवतात. तिथून दोन खेपा आणल्या. खर्चाच्या पावतीवर 'पशुसंवर्धन' बघून लेखा विभागानं शेरा मारला: खुलासा करावा.

ऑनलाइन व्हायवाची, म्हणजे पीएचडीच्या तोंडी परीक्षेची, परवानगी यूजीसीनं २९ एप्रिल २०२० लाच दिली होती. आमचा पहिला जुलैत झाला. मुलगी अकोले तालुक्यातली, घरावर पत्रा, बाहेर धो-धो पाऊस, एक शब्द ऐकू येईना. ती उठली आणि दारात उभ्या असलेल्या काकांच्या ओम्नी गाडीत जाऊन बसली, फोन स्टिअरिंगला टेकवला आणि पाऊण तास उत्तरं दिली. व्हायवा खुला असतो म्हणून लिंक सगळ्यांना दिलेली. सभागृहात पंधरा माणसं जमत नाहीत, तिथं शंभरावर आली. रेफरी (परीक्षक) प्रश्न विचारत असतानाच चॅटमध्ये 'अभिनंदन ताई' सुरू!

चुकलो कुठं, तेही सांगतो. त्याच यूजीसीच्या पत्रात पीएचडीच्या मुलांना सहा महिने वाढवून दिले होते. नंतर थिसिस सादर करायची मुदत जून २०२१ पर्यंत गेली, मग डिसेंबर २०२१ पर्यंत. एका मुलीनं फोनवर विचारलं, "सर, म्हणजे फेलोशिपपण वाढली ना?" मी घाईत होतो, हो म्हटलं. मुदत वाढवणारी पुढची पत्रं आली त्यांत स्वच्छ लिहिलेलं होतं, फेलोशिपचा कालावधी पाच वर्षंच राहील. वेळ वाढली, पैसे नाहीत. तिची पाच वर्षं सप्टेंबरमध्येच संपली होती, आणि माझ्या 'हो'च्या भरवशावर तिनं शहरातली खोली सोडली नव्हती.

मी तिला फोन केला तेव्हा ती फक्त "बरं सर" म्हणाली. पुढं तासिका तत्त्वावर एका कॉलेजात शिकवत तिनं थिसिस पुरा केला, डिसेंबर २०२१ मध्ये, शेवटच्या आठवड्यात. प्रती घ्यायला खिडकीवर मीच होतो. तिनं पावती मागितली, मी दिली.